आधी हात बसवू की एडिटिंग शिकू?

एका वाचकाचं पत्र आलं आहे, त्याचा सारांश असा: काही महिन्यांपूर्वी कॅमेऱ्याचा छोटा ड्रोन घेतला. सुट्टीच्या दिवशी नेमाने उडवणं होतं. मोबाइलच्या पडद्यावर शॉट झकास वाटतात, पण घरी कॉम्प्युटरवर बघितले की हिसके, डगमग आणि भलतीकडे गेलेली फ्रेम दिसते. कित्येक तासांचं फुटेज साठलंय आणि त्यातून एकही फिल्म पुरी झालेली नाही. गाणं लावून क्लिप जोडायला बसतात आणि अर्ध्यात सोडून देतात. एकदा ड्रोन समोरून येत असताना रिमोटची उलटी स्टिक दाबली गेली आणि तो फांदीला घासून खाली आला. तेव्हापासून त्याला खाली, जवळ आणायची धास्ती वाटते. मित्र सांगतात, आधी सहा महिने फक्त उडवायला शीक, एडिटिंगचं नंतर बघ. दुसरीकडे, महागातला ड्रोन आणि तयार कलर प्रीसेट (फुटेजचे रंग एका झटक्यात बदलणारी आयती सेटिंग) घेतले तर फरक पडेल का, असंही मनात आहे. सुरुवात कुठून करावी आणि हे आपल्याला जमण्यातलं आहे का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय: ड्रोन खाली आणायची धास्ती वाटते. बाकीच्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ मला तिथे दिसतं. धास्ती वाटते म्हणून तुम्ही उंच जाता. फार उंचावरून बघितलं की जमीन नकाशासारखी सपाट दिसते आणि ड्रोन चांगला वेगात असला तरी चित्र जागचं हलत नाही. मग काहीतरी घडावं म्हणून स्टिक जोरात ढकलली जाते, मध्येच वळण घेतलं जातं, कॅमेरा खाली-वर होतो. घरी गेल्यावर दिसणारे हिसके ते हेच.

त्या अपघातानंतर पाती बदललीत का? नसतील तर पुढच्या उड्डाणाआधी बदला. कडेला बारीकशी खाच पडलेलं पातंसुद्धा थरथर निर्माण करतं, ती थरथर गिंबलला, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेला, आवरली नाही की चित्रातल्या सरळ रेषा लहरू लागतात. तुम्ही स्वतःच्या हाताला दोष देत असाल, त्यातला काही भाग त्या पात्याचा असू शकतो.

आता धास्तीबद्दल. ड्रोनचं तोंड तुमच्याकडे असतं तेव्हा त्याचं उजवं ते तुमचं डावं. डोक्याला हे चटकन कळतं, बोटांना ऐन वेळी आठवत नाही. यावर सरावाशिवाय उपाय नाही, पण सराव नेमका कशाचा करायचा हे ठरवता येतं. माणसं नसलेलं मोकळं मैदान आणि वारा पडलेली वेळ निवडा. ड्रोन डोक्याच्या थोडा वर, तुमच्यापासून दहा-बारा मीटरवर, पाठ तुमच्याकडे करून स्थिर ठेवा. मग पाव वळण द्या, पुन्हा स्थिर. मग तोंड तुमच्याकडे करा आणि तसाच उभा ठेवून नुसता थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे सरकवा. पडद्याकडे बघू नका, ड्रोनकडे बघा. समोरासमोर असताना एक खूण फार उपयोगी पडते: ड्रोन तुम्हाला ज्या बाजूला घसरताना दिसतोय, त्याच बाजूला स्टिक ढकलली की तो सावरतो. मग डावं-उजवं यांचा हिशेब डोक्यात करत बसावं लागत नाही.

गडबड झालीच तर पहिलं काम म्हणजे दोन्ही स्टिक सोडून देणं. जीपीएस नीट पकडलेला ड्रोन स्टिक सोडल्यावर वेग मारून जागेवर थांबतो. घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो, ज्या स्टिकने घोळ झाला तीच आणखी दाबतो. म्हणून याचाही मुद्दाम सराव करा. ड्रोन चालता ठेवा, स्टिक सोडा आणि तो किती अंतर जाऊन थांबला ते बघा. स्पोर्ट मोडमध्ये, म्हणजे सगळ्यात वेगवान मोडमध्ये, हे अंतर बरंच वाढतं आणि बऱ्याच ड्रोनमध्ये त्या मोडला अडथळे ओळखणारे सेन्सर बंद होतात. सेन्सर चालू असले तरी बारीक फांद्या, तारा आणि संध्याकाळचा मंद उजेड यांत ते चुकतात. फांदीच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबू नका.

समोरासमोरचं भय गेलं की आठचा आकडा काढायला घ्या. तो सावकाश, एका उंचीवर, न थांबता निघाला पाहिजे. त्यानंतर एखाद्या खांबाभोवती हाताने फेरी. बहुतेक रिमोटवर डाव्या स्टिकने उंची आणि वळणं, उजवीने पुढे-मागे आणि बाजूला सरकणं होतं. तर उजवी स्टिक किंचित उजवीकडे, त्याच वेळी डावी किंचित डावीकडे. खांब फ्रेमच्या मध्यावरून सरकायला लागला की कुठली स्टिक कमी-जास्त करायची हे तुम्हाला स्वतःला उमगत जाईल. ही फेरी बरेच ड्रोन आपोआपही मारून देतात आणि फिल्मसाठी ती सोय खुशाल वापरा. हाताने शिकायची ती एवढ्यासाठी की दोन्ही हात एकत्र चालायला लागतात, आणि चांगल्या शॉटमध्ये ते तसे चालावेच लागतात.

सेटिंगमध्ये जाऊन दोन-तीन गोष्टी आजच बदला. चित्रीकरणासाठी सिने मोड किंवा जो सगळ्यात संथ मोड असेल तो लावा. कॅमेरा खाली-वर करणाऱ्या चाकाचा वेग बराच कमी करा. तो सहसा गरजेपेक्षा जास्त असतो. जागच्या जागी वळण्याचा वेगही उतरवा, कारण सगळ्यात जास्त डोळ्यांना खुपतो तो वळणाचा हिसका, आणि एडिटिंगमध्ये तो धड सरळ करता येत नाही. स्टिकवर नुसता अंगठा ठेवत असाल तर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून बघा. काहींना ते मानवत नाही, पण ज्यांना मानवतं त्यांच्या हालचालीत पहिल्याच दिवशी फरक दिसतो.

मित्रांच्या सल्ल्याकडे वळतो. सहा महिने फक्त उडवा, या म्हणण्यात तथ्य एवढंच की हात इतका बसलेला हवा की डोकं फ्रेमकडे मोकळं राहील. पण आधी उडवणं आणि मग एडिटिंग अशी शाळेच्या इयत्तांसारखी विभागणी मला मुळातच पटत नाही. शॉट कुठे सुरू व्हायला हवा होता, किती लांबायला हवा होता, त्याच्या आधी-नंतर काय हवं होतं, हे टाइमलाइनसमोर, म्हणजे एडिटिंगमध्ये क्लिप ओळीने मांडतात त्या पट्टीसमोर, बसल्याशिवाय कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय सहा महिने उडवलं तर सहा महिन्यांच्या त्याच सवयी पक्क्या होतात. तुमच्याकडे तासन्‌तास फुटेज आहे आणि फिल्म एकही नाही, याचं कारण मला हे दिसतं: तुम्ही रेकॉर्डिंग चालू करून फिरता, शॉट घेत नाही.

शॉटला सुरुवात असते आणि शेवट असतो. ड्रोन जागेवर थांबवा, फ्रेम लावा, रेकॉर्डिंग सुरू करा, पाच सेकंद काहीही करू नका. मग हालचाल सुरू करा, इतकी हळू की कधी सुरू झाली ते कळू नये. हालचाल एकच ठेवा: नुसतं पुढे, किंवा नुसतं वर, किंवा नुसतं बाजूला. शेवटची फ्रेम कुठली हे आधीच ठरलेलं असू द्या. तिथे पोचताना स्टिक हलक्या हाताने सोडा आणि परत पाच सेकंद थांबा. रेकॉर्डिंग बंद. मग तोच शॉट पुन्हा घ्या, आणि पुन्हा. तिसऱ्या खेपेला तो पहिल्यापेक्षा चांगला आला नाही असं क्वचितच होतं. एकेक हालचाल निर्मळ येऊ लागल्यावर दोन एकत्र करा. वर चढता चढता कॅमेरा खाली झुकवणं हा शिकायला चांगला जोड आहे.

आणि खाली या. माझ्या मते सुरुवातीच्या काळात गुणवत्तेत सगळ्यात मोठी उडी उंची कमी केल्याने पडते. जमिनीपासून तीन-चार मीटरवर, गवताच्या किंवा एखाद्या दगडी कठड्याच्या वरून ड्रोन संथ पुढे गेला की जवळची वस्तू झपकन मागे जाते, दूरची टेकडी जागेवर राहते आणि दृश्याला खोली येते. त्याच वेगाने शंभर मीटरवरून गेलात तर काहीच जाणवत नाही. कठडा ओलांडला आणि पलीकडचं पाणी अचानक समोर आलं, एवढ्यानेसुद्धा शॉटमध्ये काहीतरी घडलेलं असतं. धास्ती घालवायचा सराव आधी सांगितला तो याच कारणाने.

उजेडाचं थोडक्यात सांगतो. सगळं ऑटोवर ठेवलं की शॉटच्या मध्यात आकाश फ्रेममध्ये आलं म्हणून चित्र अंधारतं, रंग निळ्याकडून पिवळ्याकडे सरकतात, आणि हे नंतर दुरुस्त करणं जिकिरीचं असतं. व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा ठरवणारं सेटिंग) कायम ठरवून ठेवा, शॉटपुरतं एक्सपोजर (चित्र किती उजळ यावं ते) लॉक करा. शटरचा वेग फ्रेमच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम असतील तर प्रत्येक फ्रेम १/५० सेकंद उजेड घेते, हा नियम तुम्ही ऐकला असेल. भर उन्हात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचं छिद्र एफ २.८ असताना शटर साधारण १/३२०० वर जातो. तिथून १/५० वर यायला उजेड सहा स्टॉपने, म्हणजे सहा वेळा निम्मा करत, कमी करावा लागतो, आणि ते काम एनडी ६४ हा लेन्सवर लावायचा काळसर फिल्टर करतो. ऊन उतरल्यावर एनडी १६ किंवा ८ पुरतो. मात्र उंचावरच्या संथ शॉटमध्ये हा नियम पाळला नाही तरी फारसं बिघडत नाही. जमिनीलगत जाताना चित्र तुटक दिसतं ते फिल्टरने सुधारतं. फिल्टर नसला तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. तेव्हा सावल्या लांब असतात, वरून घेतलेल्या शॉटला आकार येतो आणि वाराही बहुधा कमी असतो.

आता एडिटिंग. तुम्ही अर्ध्यात का सोडता, याचं कारण तुम्ही चिकाटीचा अभाव असं लिहिलंय. मला दुसरी दोन कारणं संभवतात. एक अगदी साधं: ड्रोनचं फुटेज पुष्कळदा एच.२६५ या फार दाबून साठवणाऱ्या व्हिडिओ-प्रकारात असतं आणि ते उलगडताना साधा कॉम्प्युटर धापा टाकतो. क्लिप अडखळत चालत असेल तर कट नेमका कुठे करायचा हे कुणालाच कळणार नाही. प्रॉक्सी बनवा, म्हणजे त्याच क्लिपच्या हलक्या प्रती. काम त्यांच्यावर करायचं आणि शेवटी फिल्म मूळ क्लिपमधून काढायची. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतही ही सोय आहे. दुसरं कारण म्हणजे सगळ्या तासांच्या फुटेजमधून एक मोठी फिल्म करायला तुम्ही बसता. ते कुणाचंही बळ खचवेल.

त्याऐवजी जुन्यातल्या एकाच ठिकाणच्या क्लिप घ्या आणि चाळीस सेकंदांची फिल्म करा. गाणं लावू नका, निदान पहिला कट, म्हणजे फिल्मचा पहिला मसुदा, होईपर्यंत. गाण्याचा ठेका मिळाला की कुठलाही शॉट चालून गेल्यासारखा वाटतो, आणि तो तिथे का आहे हा प्रश्न आपण विचारत नाही. आवाज नसताना प्रत्येक शॉट बघा. मन दुसरीकडे गेलं त्या क्षणाच्या थोडं आधी कट करा. एका शॉटमध्ये ड्रोन डावीकडून उजवीकडे जात असेल आणि लगेच पुढच्यात उलट, तर बघणाऱ्याला धक्का बसतो. हवा असेल तरच तो द्या. चालत्या हालचालीवरून चालत्या हालचालीवर कट केलात तर जोड झाकला जातो. सलग तीन रुंद, म्हणजे दुरून सगळा परिसर दाखवणारी, दृश्यं मात्र कितीही सुंदर असली तरी कंटाळा आणतात.

इथेच तुमच्या ध्यानात येईल की तुमच्याकडे फक्त रुंद दृश्यं आहेत. नवख्या ड्रोन-फिल्मची ही सगळ्यात ठळक उणीव असते आणि ती भरून काढायला ड्रोन लागतच नाही. मोबाइलने जमिनीवरून घ्या: वाटेवर चालणारी पावलं, दोरी ओढणारे हात, पाण्याकडे बघणारा चेहरा. वरून दिसणारी बारीक आकृती कुणाची आहे हे एकदा जवळून कळलं, की मग त्या उंचीला अर्थ येतो.

आवाजही असाच जमिनीवरून आणावा लागतो. बहुतेक ड्रोन आवाज टिपतच नाहीत, आणि टिपला तरी पंख्यांची घरघर. ड्रोन खाली उतरवल्यावर, तो बंद असताना, मोबाइलवर त्या जागेचा आवाज दोन-तीन मिनिटं रेकॉर्ड करा: पानं, पाणी, दूरची माणसं. टाइमलाइनवर पाण्याचा आवाज शॉटच्या एक-दोन सेकंद आधी सुरू करून बघा. चित्र येण्याआधी कान तिथे पोचलेले असतात. एवढा एक बदल करून तुमची जुनी क्लिप पुन्हा बघा, असं मी आग्रहाने सांगेन.

हिसक्यांवर काही तात्पुरते उपाय आहेत. ५० फ्रेमनी घेतलेला शॉट २५ च्या टाइमलाइनवर बरोबर अर्ध्या वेगाने चालतो आणि छोटा धक्का मवाळ होतो. फोर-के फुटेज १०८०च्या टाइमलाइनवर टाकलंत तर फ्रेम कापून नीट लावायला दुपटीपर्यंत जागा मिळते. आणखी एक युक्ती मला फार आवडते, कारण तिच्यात उडवणं आणि एडिटिंग एक होतं. मागे मागे जात दृश्य उलगडणारा शॉट हवा असतो, पण ड्रोनच्या मागचं तुम्ही बघू शकत नाही आणि बऱ्याच छोट्या ड्रोनना मागे सेन्सरही नसतात. मग तोच शॉट पुढे जात घ्या आणि एडिटिंगमध्ये उलटा चालवा. फ्रेममध्ये चालणारी माणसं, वाहतं पाणी, धूर असं काही नको, एवढी काळजी घ्या.

कलर प्रीसेट सध्या घेऊ नका. ते एका विशिष्ट कलर प्रोफाइलसाठी, म्हणजे कॅमेरा रंग ज्या पद्धतीने नोंदवतो तिच्यासाठी, बनवलेले असतात. दुसऱ्या प्रोफाइलच्या फुटेजवर लावले की सावल्या काळ्याकुट्ट होतात किंवा रंग भडक दिसतात. लॉग प्रोफाइललाही (फिकट रंग नोंदवून ते नंतर एडिटिंगमध्ये खुलवायचे, ती पद्धत) घाई नको, विशेषतः ड्रोन ८ बिटमध्येच, म्हणजे रंगांच्या कमी छटांत, रेकॉर्ड करत असेल तर. रंग ताणले की निळ्या आकाशात पट्टे दिसू लागतात. साध्या प्रोफाइलमध्ये शूट करा, सगळ्या क्लिपचा उजेड एकमेकींशी जुळवा, मग रंग जुळवा. सुरुवातीला एवढं पुरतं.

या सगळ्याची सांगड कशी घालायची? मी अशी घालेन. सुट्टीच्या दिवशी पहिली बॅटरी निव्वळ सरावाला, रेकॉर्डिंग न करता. दुसरी बॅटरी घरून लिहून नेलेल्या चार-पाच शॉटना, त्याहून जास्त नाही. तिसरी असली तर मनाला येईल तसं उडवायला, कारण तुम्ही हे आवडीने करताय आणि ती आवड टिकली पाहिजे. मग दोन दिवसांच्या आत, डोक्यात ताजं असताना, चाळीस सेकंदांचा कट. कट करताना जो शॉट नाही म्हणून अडलात तो कागदावर लिहा. पुढच्या वेळी दुसऱ्या बॅटरीची यादी तीच. पत्रात तुम्ही विचारलंय सुरुवात कुठून करू. माझ्या मते तुमची सुरुवात टाइमलाइनवरून व्हावी, कारण फुटेज तुमच्याकडे आधीच आहे.

बॅटरीचा विषय निघालाच आहे म्हणून: खोक्यावर लिहिलेली उडण्याची वेळ वारा नसतानाची असते. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा म्हणजे येताना वारा मदतीला येतो, आणि तीस टक्के उरली की परत फिरा. आपोआप घरी येण्याची उंची आसपासच्या सर्वांत उंच झाडापेक्षा जास्त ठेवली आहे ना, ते प्रत्येक नव्या जागी तपासा. जिथे उडवताय तिथले परवानगीचे नियम आधी बघा, माणसांच्या डोक्यावरून जाऊ नका, कुणाच्या खिडकीकडे कॅमेरा नको, आणि पक्ष्यांची घरटी दिसली तर ती जागा सोडा.

जमण्यातलं आहे का, असं विचारलंत. हाताचं कौशल्य सरावाने येतं, त्याबद्दल मला शंका नाही. नजर तयार व्हायला जास्त वेळ लागतो, आणि त्याबाबतीत तुम्ही पुढे आहात असं मला वाटतं: मोबाइलच्या पडद्यावर छान वाटलेला शॉट घरी खटकतो, हे तुमचं तुम्हालाच दिसलं. पुष्कळांना ते दिसायलाच फार काळ लागतो.

नव्या ड्रोनचं एवढंच सांगतो. मोठ्या सेन्सरमुळे कमी उजेडात दाणे कमी येतात, उजेड-सावलीतला तपशील जास्त टिकतो, हे खरं आहे. पण तुम्ही पत्रात लिहिलेल्या अडचणींपैकी एकही सेन्सरची नाही. पाच-सहा छोट्या फिल्म पुऱ्या करा. त्यानंतर एखादा ठरावीक शॉट नाव घेऊन सांगता आला, जो हात बसलेला असूनही केवळ या ड्रोनमुळे मिळत नाही, तर नवा घ्यायचा विचार करा. तोवर ते पैसे जादा बॅटऱ्या, पात्यांचा एक राखीव संच आणि एनडी फिल्टर यांवर घाला.